चिठ्ठी बाटलीच्या आत: जंगलात आणि पाणथळीत कोळी गोळा करण्याविषयी

प्रश्न: मी कोल्हापूरला प्राणिशास्त्र शिकवते. ऑक्टोबरात एम.एस्सी.च्या बारा मुलांना घेऊन दोन दिवस आंबोलीला आणि मग घाट उतरून एक दिवस मालवण तालुक्यात धामापूरच्या बाजूच्या पाणथळीत जायचं ठरतंय. विषय कोळी. जाळी, सर्जिकल स्पिरिट आणि बाटल्या घेतल्या आहेत. आणखी काय लागेल? गोळा करायची नेमकी पद्धत काय? आणि चावण्याची भीती कितपत?

उत्तर:

मॅडम, बेत चांगला आहे, महिनाही चांगला निवडलात. पण सगळ्यात आधी लागणारी वस्तू तुमच्या यादीत नाही. जाड कागद आणि शिसपेन्सिल.

माझ्या पहिल्या मोठ्या दौऱ्यात चार दिवस रान तुडवून साठ-पासष्ट बाटल्या भरल्या होत्या. प्रत्येक बाटलीवर काळ्या मार्करने झोकात ठिकाण आणि तारीख लिहिली होती. परतीच्या एसटीत एका बाटलीचं झाकण सैल झालं, स्पिरिट पिशवीभर पसरलं आणि घरी येऊन बघतो तर सगळ्या बाटल्या धुऊन पुसल्यासारख्या स्वच्छ. ‘परमनंट’ मार्कर पाण्याला दाद देत नाही, अल्कोहोलपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. कोळी शाबूत होते. पण कुठला खोडावरचा, कुठला ओढ्याकाठचा, कुठला घाटमाथ्यावरचा, काही सांगता येईना. सगळे टाकून दिले. साठावर जीव मारले आणि हाती काही लागलं नाही.

तेव्हापासून चिठ्ठी बाटलीच्या आत, कोळ्याच्या सोबत, अल्कोहोलात बुडालेली. पेन्सिलीचं शिसं अल्कोहोलात विरघळत नाही. बॉलपेन नको, जेलपेन तर मुळीच नको, इंकजेट प्रिंटरवर छापलेल्या चिठ्ठ्याही नकोत. वहीच्या कागदाचा लगदा होतो, ड्रॉइंगचा जाड कागद घ्या. त्यावर जिल्हा, तालुका, नेमकी जागा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. महिना अक्षरांत लिहायला लावा. १०-११ म्हणजे दहा नोव्हेंबर की अकरा ऑक्टोबर, हे वीस वर्षांनी बाटली उघडणाऱ्याला कोण सांगणार? आणि मुलं हमखास विसरतात त्या दोन गोष्टी: कुठे बसला होता आणि कसा पकडला. ‘ऐनाच्या खोडावर, कमरेच्या उंचीवर, रात्री ९, हाताने’ एवढं पुरतं. हे तिथेच उभ्या उभ्या लिहायचं. मुक्कामावर गेल्यावर लिहू म्हणणारा मुलगा जेवून झोपतो, हा माझा अनुभव.

आता परवानगी. आंबोलीत बरंच रान वनखात्याचं आहे, काही भाग संवर्धन राखीव आहे. हिरण्यकेशीजवळचा परिसर तर तिथल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या माशासाठी २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. तिथे ‘शैक्षणिक सहल आहे’ एवढ्यावर जीव गोळा करता येत नाहीत. विभागीय वनाधिकाऱ्यांकडे महाविद्यालयाच्या पत्रावर आतापासून अर्ज करा, किती नमुने आणि कुठल्या पद्धतीने घेणार ते लिहा, आणि मिळालेलं पत्र खिशात ठेवा. वेळेत परवानगी आली नाही तर बेत रद्द करू नका. खासगी जमिनीवर मालकाला विचारून काम करा आणि वनखात्याच्या रानात फक्त बघा, मोजा, फोटो काढा. देवराईत गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका, आणि ‘हो’ म्हणाले तरी तिथून काही उचलू नका असं मी सांगेन. तेवढा मान राखला की पुढच्या वर्षी तेच लोक वाट दाखवायला येतात.

कुठला घ्यायचा, कुठला सोडायचा

कोळ्यांच्या बहुतेक जाती पक्क्या ओळखायच्या तर वयात आलेला नर किंवा मादी लागते. पिल्लांवरून फार तर कुळापर्यंत किंवा जीनसपर्यंत पोचता येतं. म्हणून पहिल्या तासात मुलांना एवढंच शिकवा. तोंडाशी पायांसारखे दिसणारे दोन आखूड अवयव असतात, त्यांना पाल्प म्हणतात. त्यांची टोकं बॉक्सिंगचे हातमोजे घातल्यासारखी फुगीर आणि गुंतागुंतीची दिसली तर तो वयात आलेला नर. फुगीर पण गुळगुळीत दिसली तर अजून एक कात टाकायची बाकी आहे, सोडून द्या. मादीच्या पोटाच्या खालच्या बाजूला, पुढच्या भागात, गडद कडक ठिपक्यासारखी जागा दिसते, तिला एपिगाइन म्हणतात. ती दिसली तर मादी वयात आलेली. (काही कुळांत ती नसते, पण पहिल्या सहलीला तो गोंधळ नको.) दहापटीचं भिंग प्रत्येक मुलाच्या गळ्यात हवं. झिपच्या पारदर्शक पिशवीत कोळी हलकेच कापसावर दाबून धरला की जिवंतपणीच हे सगळं बघता येतं, मारावं लागत नाही.

ऑक्टोबर चांगला म्हणालो तो यासाठीच. जूनमध्ये गेलात तर सगळीकडे पिल्लंच पिल्लं. पावसाळ्यात खाऊन-पिऊन ती वाढतात आणि पावसाच्या शेवटाला मोठी जाळी विणणाऱ्यांच्या माद्या भरात येतात.

एका जागेवरून एका जातीचे एक-दोन नर आणि एक-दोन माद्या पुरे. बारा मुलांनी एकच कोळी बारा वेळा आणला तर ते शिक्षण नाही. अंड्यांची पिशवी घेऊन बसलेली मादी फोटो काढून सोडायची. मोठे केसाळ कोळी, म्हणजे ज्यांना सगळे टॅरँट्युला म्हणतात ते, दिसले तर बिळं खणायची नाहीत, झाडाची ढोली उकरायची नाही. सह्याद्रीतले हे कोळी चोरट्या मार्गाने पाळीव प्राण्यांच्या बाजारात जातात, म्हणून त्यांच्या बिळांची नेमकी जागा फोटोबरोबर समाजमाध्यमांवर टाकू नका. हे मुलांना दोनदा सांगा.

आंबोलीत

बारा जण एकदम रानात सोडलेत तर बारा जणांच्या बडबडीने काहीच मिळणार नाही. चार गट करा आणि वेळ मोजा. जोनाथन कॉडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये उष्ण प्रदेशातल्या जंगलांसाठी एक साधी रीत मांडली, ती मला अजूनही सहलींसाठी सगळ्यात सोयीची वाटते. एका माणसाने घड्याळ लावून एक तास एकच पद्धत वापरायची. एकाने गुडघ्याच्या खाली बघायचं, म्हणजे दगड, मुळं, पालापाचोळा, पडकी लाकडं. दुसऱ्याने गुडघ्याच्या वर हात पोचेल तिथपर्यंत. तिसरा झुडपं झोडपणार, चौथा पाचोळा चाळणार. त्या तासाचे नमुने एका पिशवीत, दुसऱ्याच्यात मिसळायचे नाहीत. संध्याकाळी चार ढिगाऱ्यांत चार वेगळ्या दुनिया दिसतात. गुडघ्याखालच्या आणि वरच्या ढिगात सामाईक जाती इतक्या थोड्या निघतात की मुलांना खरंच वाटत नाही.

झोडपायला पांढऱ्या कापडाची उलटी छत्री हवी. काळी असेल तर आतून पांढरा पंचा टाचून घ्या. फांदीखाली छत्री धरायची आणि काठीने फांदीवर चार-पाच ठोके, जोरात पण थोडक्यात. नुसती फांदी हलवलीत तर कोळी पान घट्ट धरून बसतो. खाली पडलेले पहिले काही क्षण निपचित असतात, मग एकदम पळतात किंवा तंतू सोडून छत्रीबाहेर लोंबतात. त्या काही क्षणांत उचलायचे. ठोका मारण्याआधी झुडूप डोळ्यांनी नीट बघायचं, कारण आंबोलीत त्याच उंचीवर चापडा हा विषारी साप बसलेला असतो. पानासारखा, हलत नाही, आणि छत्रीत पडलेला चापडा कुणालाच नको असतो.

सकाळी धुकं आणि दव असताना झोडपू नका. कोळी ओल्या कापडाला चिकटून चेंगरतात. पण दवाची हीच वेळ जाळी बघण्याची. दहा वाजेपर्यंत फक्त जाळ्यांचे फोटो आणि मोजणी, ऊन लागून झुडपं सुकली की छत्री. दुपारी जाळं दिसेना झालं तर केस विंचरायच्या आधी मारतात तसला पाण्याचा बारीक फवारा उडवा. पिठी किंवा पावडर मारू नका, कोळी ते जाळं सोडून जातो.

जाळ्याशी थांबायचं कसं, हे शिकवायला आंबोलीत एक हमखास प्राणी आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना बांधलेलं, उन्हात सोनेरी चमकणारं, हातभराहून मोठं जाळं आणि मधोमध दीड-दोन इंच शरीराची मादी. नेफिला पिलिपेस, फोटोवाले जिला जायंट वूड स्पायडर म्हणतात ती. मुलं धावत जातात, मादीचा फोटो काढतात आणि पुढे सरकतात. त्यांना परत बोलवा आणि पाच मिनिटं तिथेच उभं करा. मादीच्या थोडं वर जाळ्यात एक तांबूस ठिपका दिसेल, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास. तो तिचा नर. कधी दोन-तीन असतात, एकमेकांना टाळत. मग जाळ्याच्या कडेच्या धाग्यांवर चांदीच्या थेंबासारखे चकाकणारे बारके कोळी दिसतील. ते आर्गिरोडिस, स्वतः जाळं न विणता इथे अडकलेल्या बारक्या किड्यांवर जगणारे. एकाच जाळ्यात दोन जाती, आणि एका जातीत नर-मादीच्या आकारात असा जमीन-अस्मानाचा फरक. मादी तेवढी उचलून नेणाऱ्याला यातलं काही मिळालं नाही. तुम्हाला नमुना हवाच असेल तर नर आणि एक आर्गिरोडिस घ्या. मादी ओळखायला फोटो पुरतो.

खोडावरचा हर्सिलिया एकट्याने पकडता येत नाही. सालीच्या रंगाचा, चपटा, मागे शेपट्यांसारखी दोन लांब टोकं. तुम्ही पुढून गेलात की तो क्षणात खोडाच्या मागे. एकाने मागून हात दाखवायचा, दुसऱ्याने पुढून बाटली लावायची. मुलांना हा खेळ फार आवडतो.

तांबड्या मुंग्यांच्या, ज्यांना कुणी ओंबील म्हणतं कुणी हुमले, त्यांच्या पानांच्या घरट्याजवळ रांगेत नीट बघा. एखादी मुंगी पुढचे दोन पाय मिशांसारखे हवेत हलवत थोडी वेडीवाकडी चालताना दिसेल. तिला काडी लावा. खरी मुंगी चावायला धावते, ही मात्र धाग्याला लटकून खाली उतरते. ती मिर्माप्लाटा, मुंगीचं सोंग घेतलेला उडी मारणारा कोळी. नराचे जबडे इतके लांब की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून चालल्यासारखी वाटते.

पाचोळ्यासाठी वाळू चाळायची चाळणी आणली तरी चालेल, भोकं साधारण एक सेंटिमीटरची. खाली पांढरी चादर. चाळून झाल्यावर चादरीकडे दोन मिनिटं नुसतं बघत बसायचं, कारण बारीक कोळी आधी मेल्याचं सोंग करतात. इथे मिळणारे कितीतरी एक ते तीन मिलिमीटरचे असतात, त्यांना चिमट्याने धरलंत तर चिरडतात. अल्कोहोलात बुडवलेला पातळ ब्रश टेकवा, ते त्यालाच चिकटून येतात. नाहीतर तोंडाने ओढायची नळी: बोटभर जाडीची पारदर्शक नळी, तिच्यात घट्ट बसेल अशी रबरी नळी आणि दोन्हींच्या मध्ये मलमलचा तुकडा. तो तुकडा बसवल्याची खात्री मुलांनी आपापली करायची. एकदाच कोळी घशापर्यंत आला की पुढे कुणी विसरत नाही.

उरलेला पाचोळा कापडी पिशवीत भरून न्या, प्लास्टिकमध्ये तो घामेजतो. पूर्वी आम्ही नरसाळ्यात पाचोळा ठेवून वर चाळीसचा पिवळा बल्ब लावायचो. उष्णतेने आणि कोरडेपणाने जीव खाली सरकत सरकत बाटलीत पडायचे. आता एलईडीला तेवढी ऊब नसते आणि पिवळे बल्ब मिळवायला दुकानं पालथी घालावी लागतात. त्यापेक्षा जाळीदार पिशवीत पाचोळा भरून ती एका बंद कापडी पिशवीत टांगा, तळाशी अल्कोहोलचा पेला. दोन-तीन दिवसांत पाचोळा आपोआप सुकतो आणि जीव खाली उतरतात. वीज लागत नाही.

जमिनीत पुरायच्या पेल्यांबद्दल मात्र हात आखडता ठेवा. पेल्याची कड जमिनीच्या बरोबर पातळीत, आत तीन बोटं मिठाचं पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, वर तीन काड्यांवर टेकवलेलं ताट म्हणजे पाऊस नको. त्यात रात्री फिरणारे कोळी पडतात, जे दिवसा शोधून मिळत नाहीत. पण बेडूकही पडतात. आंबोलीच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, झँथोफ्राइन टायगरिना नावाचा छोटा भेक आहे, २००९ मध्ये वर्णन झालेला, फक्त याच भागात सापडणारा आणि अतिसंकटग्रस्त. त्यामुळे सड्यावर पेले लावू नका. रानात लावाल तिथे पेल्याच्या तोंडावर सेंटिमीटरभर भोकांची तारेची जाळी टाका आणि पहाटेच जाऊन बघा.

पाणथळीत

इथे तुमची आंबोलीची निम्मी हत्यारं निकामी. छत्रीला झुडूप नाही, चाळणीला कोरडा पाचोळा नाही, आणि पुरलेला पेला सकाळी पाण्यावर तरंगताना सापडतो. खालून झिरपणारं पाणी त्याला वर ढकलतं. माझे एका रात्रीत नऊ पेले असे होड्या होऊन गेले होते. पेले लावायचेच तर बांधावर लावा, चिखलात नाही.

पाणथळीकडे पट्ट्यांनी बघा. काठाचा ओला चिखल हा पार्डोसासारख्या लांडगा कोळ्यांचा. ते जाळं विणत नाहीत, धावून शिकार करतात. मादी अंड्यांची पिशवी शेपटाकडे चिकटवून हिंडते. तशीच पिशवी जबड्यात धरून चालणारी दिसली तर ती मासेमार कोळ्यांच्या कुळातली. दुरून एवढ्या एका खुणेवर दोन कुळं वेगळी करता येतात. त्याच्या पुढे लव्हाळे आणि उंच गवत, मग पाणकणसाचा पट्टा, मग तरंगती पानं.

लव्हाळ्यांत जाळी फिरवायची ती फुलपाखरांची मऊ जाळी नव्हे. ती पहिल्या फटक्यात फाटते. जाड मांजरपाटाची झोळी शिवून घ्या, कड मजबूत. चालत चालत डावी-उजवीकडे गवताच्या वरच्या अर्ध्यावर झाडल्यासारखे फटके, वीस फटके झाले की थांबून बघायचं. जास्त मारलेत तर झोळीत गवताचा चोथा आणि त्यात मेलेले कोळी. इथे टेट्राग्नाथा मिळतील. लांब, सडपातळ, दिवसा गवताच्या पात्यावर पाय पुढे आणि मागे ताणून असे झोपतात की पात्याची शीर वाटावी. त्यांचे जबडे भिंगाखाली अवश्य दाखवा. नराच्या जबड्यांवर लांब काटे असतात आणि मीलनाच्या वेळी त्यांनी तो मादीचे सुळे अडकवून धरतो. संध्याकाळी हेच पाण्यावर आडवी जाळी विणतात आणि पाण्यातून वर येणारे बारीक किडे धरतात.

पाणकणसाचे जुने, वाळके दांडे आणि गुंडाळलेली पानं हाताने उकलून बघा. आत रेशमी पिशव्यांत झोपलेले कोळी असतात. ही उकलण्याची कामं चिमट्याने, बोटाने नाही. कारण पुढे सांगतो.

लव्हाळ्यांच्या बुंध्याशी लपलेल्यांसाठी मला सगळ्यात आवडणारी युक्ती बुड कापलेल्या बादलीची. झुपक्यावर बादली उभी चेपून चिखलात रुतवायची आणि वरून हळूहळू पाणी ओतायचं. पाणी चढतं तसे बुंध्यातले कोळी वर येतात, काही दांड्यांवर चढतात, काही सरळ पाण्यावर धावायला लागतात. अंगावरच्या बारीक केसांमुळे ते भिजत नाहीत. चहाच्या गाळणीने उचलून घ्यायचे, नको ते तिथेच सोडायचे, बादली काढायची. झुपका जागचा हलत नाही. बादलीचा व्यास ठरलेला असल्याने ‘एवढ्या जागेत एवढे’ असा आकडाही मिळतो. झोळीने तो कधी मिळत नाही.

तरंगत्या पानांवर मासेमार कोळी बसतो. मागचे पाय पानावर, पुढचे पाण्याच्या पृष्ठभागावर टेकवलेले, म्हणजे लाटेची थरथर कळावी. आमच्याकडचा नायलस असाच. त्याच्यावर गाळणी मारलीत की तो दांड्याला धरून पाण्याखाली जातो. गेला म्हणून निघून जाऊ नका. वाका आणि बघा. केसांत अडकलेल्या हवेचं आवरण त्याच्याभोवती असतं आणि पाण्याखाली तो पाऱ्याचा बनवल्यासारखा चमकतो. तो बराच वेळ तसाच थांबतो, तुमची पाठ मुलांच्या आधी दुखायला लागते.

ऑक्टोबरात खाली भात तयार होत आलेलं असेल. शेतात झोळी मारायची नाही. लोंब्या झडतात आणि तो कुणाच्या तरी वर्षाच्या पोटाचा प्रश्न असतो. मी एकदा बांधावरून नुसता कोळी उचलत होतो तर एक आजोबा थांबले आणि म्हणाले, “ह्यांका कित्याक मारतास? भातातले किडे खातत ते.” बरोबरच होतं. भातातला लांडगा कोळी, पार्डोसा स्यूडोअॅन्युलाटा, तपकिरी तुडतुड्यांचा मोठा शत्रू आहे. मी त्या दिवशी बाटली बंद केली आणि आजोबांकडून कुठल्या खाचरात जास्त दिसतात ते विचारून घेतलं. ती माहिती माझ्या झोळीपेक्षा चांगली निघाली.

दलदलीत एका वेळी तीन मुलं, तीही एकाच वाटेने. बारा जणांनी इकडून तिकडून तुडवलं तर दुसऱ्या गटाला बघायला चिखलच उरतो.

रात्री

दिवसभर दमलेल्या मुलांना रात्री बाहेर काढणं जिवावर येतं, पण कोळ्यांचा खरा दिवस तोच. टॉर्च हातात खाली धरू नका. कपाळावर किंवा डोळ्याच्या शेजारी, नजरेच्या रेषेत धरा. काठच्या गवतात हिरवट-निळे ठिपके चमकतील. ते दवाचे थेंब नाहीत, लांडगा कोळ्यांचे डोळे. त्यांच्या डोळ्यांत मागे उजेड परतवणारा थर असतो. ठिपक्यावरून नजर न हलवता सरळ चालत जायचं. मान वळवलीत की ठिपका विझतो. एखादा ठिपका जवळ गेल्यावर फुटून शंभर ठिणग्या होतात, म्हणजे आईच्या पाठीवर सगळी पिल्लं बसलेली आहेत. तिला हात लावू नका.

चावणं आणि बाकीच्या भीत्या

मला आजवर दोनदा कोळी चावला आहे, दोन्ही वेळा गुंडाळलेलं पान बोटांनी उकलताना. दोन्ही वेळा चेराकँथियम. मधमाशी चावल्यासारखी आग आणि दोन दिवस सूज. म्हणून वर चिमटा म्हणालो. बहुतेक कोळ्यांचे सुळे आपल्या कातडीला पुरे पडत नाहीत. झाडावरच्या मोठ्या केसाळ कोळ्याला, पोइसिलोथेरियाला, मात्र हातावर घेऊन फोटो काढायचा नाही. त्याच्या चाव्याने स्नायूंना पेटके आल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत.

तुम्ही भ्यायला हवं ते दुसऱ्या गोष्टींना. दगड उलटताना तो आपल्याकडे ओढून उलटायचा, म्हणजे खालचं फुरसं पलीकडे निघेल. सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली होती. तो गोचिडीतून येतो. त्याचा जोर हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत असतो, तरी ऑक्टोबरातही पँट मोज्यात खोचायची आणि रात्री सगळं अंग तपासायचं. पाणथळीत लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, प्रश्न आहे, पायाला जखम असलेल्याने चिखलात उतरायचं नाही, बाकीच्यांना गमबूट, आणि जायच्या आधी तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. जळवांनी कुणी मरत नाही, फक्त आरडाओरडा होतो.

बाटलीत गेल्यावर

सर्जिकल स्पिरिट परत करा. त्यात इतर द्रव्यं मिसळलेली असतात, नमुन्याला ते चांगलं नाही. प्रयोगशाळेतलं इथाइल अल्कोहोल घ्या. त्यासाठी महाविद्यालयाचा उत्पादन शुल्काचा परवाना लागतो, तो बहुधा रसायनशास्त्र विभागाकडे असतो. ९५ टक्क्यांच्या चार भागांत एक भाग शुद्ध पाणी घातलं की साधारण ७६ टक्के होतं, अंगरचना बघायला हे उत्तम. कुणाला डीएनए करायचा असेल तर एक-दोन पाय वेगळ्या बाटलीत ९५ टक्क्यांत, तिथेही तीच चिठ्ठी. पूर्ण कोळी ९५ मध्ये ठेवलात तर पाय ठिसूळ होऊन गळतात.

एका बाटलीत दोन जिवंत कोळी कधी ठेवू नका. घरी एकच पोचतो, तोही जाडा झालेला. बाटलीत टाकण्याआधी जिवंतपणीच फोटो काढा. प्युसेटिया हा हिरवा कोळी घ्या, त्याची मादी अल्कोहोलात आठवड्याभरात पिवळट पांढरी होते, मग तिचा रंग कुणाला सांगूनही खरा वाटत नाही. शरीरातल्या पाण्याने अल्कोहोल पातळ होतं म्हणून दुसऱ्या दिवशी बदला. बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा राहिला तर गाडीच्या हादऱ्यांनी तो नमुना घुसळतो.

भिंगाखाली कोळी हवा तसा उलटा ठेवायला हँड सॅनिटायझरच्या जेलीसारखं स्वस्त साधन नाही. वाटीत जेल, त्यात कोळी रोवायचा, वर थोडं अल्कोहोल. एपिगाइन कापून लवंग तेलात ठेवलीत की आतल्या नळ्या पारदर्शक होऊन दिसतात.

ओळखायला बी. के. टिकादार यांची भारतीय कोळ्यांवरची १९८७ ची हँडबुक अजून सुरुवातीला कामी येते. नावं बरीच बदलली आहेत, ती वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगवर तपासून घ्या. त्यात नोंदलेल्या जाती २०२२ मध्येच पन्नास हजारांवर गेल्या. सगळं जातीपर्यंत ओळखलंच पाहिजे असा हट्ट मुलांकडून करू नका, कुळ बरोबर आलं तरी पहिल्या सहलीला पुष्कळ. न ओळखलेले नमुने पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात विचारून दाखवता येतात. आणि ‘हे काय, रोजचंच’ म्हणून काही फेकू नका. शहीद तुकाराम ओंबळे यांच्या नावाने २०२१ मध्ये वर्णन झालेला उडी मारणारा कोळी, आयसियस तुकारामी, कुठल्या घनदाट रानात नव्हे तर ठाणे-कल्याणच्या बाजूला सापडला होता.

शेवटचं एक. पुरलेले पेले मोजून लावा आणि मोजून काढा, खड्डे बुजवा. एकदा आमची गाडी सुटायच्या वेळी मी मोजले तर बारातले अकराच. मुलं कंटाळली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तासाभराने बारावा पेला सापडला तेव्हा त्यावरची जाळी रानडुकराने उडवली होती आणि आत मिठाच्या पाण्यात दोन बेडूक होते. एक मेलेला.